पाटीवरची सरस्वती

९ ऑगस्ट ९३
रूपाच्या शाळेत बोलावणं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चौथीत दुसरं वर्ष. सहामाहीला मराठीत तरी पास झाली नाही, तर दाखला घेऊन जा." म्हटलं, अहो, धडा घडाघडा म्हणते घरी. त्यांनी पुस्तक पोरीच्या हातात दिलं. रूपाने म्हटला, एक चूक नाही. फक्त पान उलटायचं विसरली. पुढच्या पानावरचं सगळं त्याच पानाकडे बघत म्हणत राहिली.
रोज संध्याकाळी मीच वाचून दाखवते. ते ऐकून पाठ.


१४ ऑगस्ट
ठाण्याला, हॉस्पिटलात, रूपाला दाखवायला. तिथल्या मुलं तपासणाऱ्या बाई तरुण, शांत. रूपाकडून अक्षरं काढून घेतली. बरीच उलटी, आरशातल्यासारखी. म्हणाल्या, "मंद नाही हो ती. तिला अक्षर वेगळं दिसतं. दर शनिवारी आणा. आणि तुम्ही वाचून दाखवणं बंद करा."
मी तिसरीत शाळा सोडलेली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. हे गेल्यापासून संध्याकाळी आम्हा दोघींचं तेवढंच होतं.
बंद केलं.

२ सप्टें.
वरच्या मजल्यावरच्या लेलेबाई, रिटायर्ड शिक्षिका, रोज रूपाला घेऊन बसतात. परातीत रवा पसरायचा, बोटाने अक्षर काढायचं. चुकलं की परात हलवायची.
रूपा : "आजी, शेवटी ह्याचा शिरा करायचा?"
लेलेबाई : "तू अशीच चुकत राहा, अख्ख्या बिल्डिंगला पुरेल."
दोघी हसल्या. मी ओट्याशी. मला नाही आलं हसू.

२५ सप्टें.
ठाण्याच्या बाईंना विचारलं, किती दिवस? "वर्षं म्हणा," म्हणाल्या. सहामाही तर दिवाळीआधी.
त्यांनीच सुचवलं म्हणून शाळेत जाऊन विचारलं, हिची परीक्षा तोंडी घ्याल का. मुख्याध्यापिका : "मग सगळ्यांचीच तोंडी घेऊ का, आई?"
सकाळपासून एमआयडीसीचा वास. खिडक्या लावून बसलो.

खंडेनवमी
पुस्तकं पूजेला. रूपाने सगळीच आणून मांडली, रफ वही, कंपासपेटीसुद्धा. "आज हात लावायचा नाही ना? उद्यापण?" पोटभर जेवली. मागून भात घेतला.

दसरा
पाटीवर सरस्वती काढायची. दरवर्षी मी काढते, एकाच्या आकड्यांची. यंदा तिने पेन्सिल ओढूनच घेतली. भराभर काढली. डावीकडचे एक सरळ, उजवीकडचे उलटे, सगळे जागच्या जागी. माझी कधी इतकी नीट आली नाही. लेलेबाई सोनं द्यायला आलेल्या, बघतच राहिल्या. "अगं, ह्यात अर्धे आकडे उलटेच असतात."
रूपा म्हणाली, "मग ह्यात मला पास करतील?"
लेलेबाईंनी तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. दुसरं काय करणार.

३ नोव्हें.
मराठीचा पेपर. फाटकाशी उभी होते. सगळ्यांच्या आधी बाहेर आली. चेहरा खुशीत.
"काय लिहिलंस?"
"नाव. मग सरस्वती काढली. मोठ्ठी. पूर्ण पान."
"आणि प्रश्न?"
"आई, ती तर बरोबर आलीये ना?"
हो म्हटलं.

६ नोव्हें.
शाळेतून निरोप. सोमवारी या, अर्ज लिहून आणा. कशाचा ते सांगितलं नाही. कळलं.
ठाण्याला गेलो नाही आज. रूपाने विचारलंही नाही. लेलेबाईंनी परात भरून ठेवली होती, ती तशीच. दसऱ्याची पाटी पुसू देत नाही, कोनाड्यात उभी आहे.
दिवा लावला तर ही पुस्तक घेऊन आली. मांडीवर ठेवलं. "वाच ना. कुणाला सांगणार नाही."
चष्मा लावून बसले आहे. पुस्तक अजून मिटलेलंच. ती टेकून बसलीये, वाट बघत