कुजबुजीची अट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा खुर्च्या-सोफ्यांचं शिवणकाम, सध्या अंथरुणाला खिळलेली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर तो दोष हाताचा, डोक्याचा नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते ठिकाणावर नसतं तर ज्यांची सोय झाली असती अशी दोन-तीन माणसं आहेत. त्यांचा उल्लेख यथास्थळी येईल. पोटातलं दुखणं आता हाताबाहेर गेलं आहे आणि चित्रपट मंडळाचं हिवाळी सत्र सुरू होईल तेव्हा मी असेन असं मला वाटत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मुलाने आणून पाहिलं, पण त्याला ते जमत नाही.

१. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं. ते माझे यजमान गेल्यावर महिनाभरात केलं होतं. त्यात सभागृह पाडून जागा विकावी आणि मंडळाला त्यातली एक खुर्चीसुद्धा देऊ नये, असं लिहिलं होतं. राग अजून आहे, पण तो कुठे खर्च करायचा ते आता ठरलं आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी करील. ती दूर राहते आणि तिला सिनेमाची अजिबात गोडी नाही, म्हणून तिची निवड केली.

२. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा, मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. पुढच्या खोलीतला हिरवा सोफा विकायचा असेल तर आधी त्याचं कापड बदलावं. लोकांचे सोफे शिवता शिवता माझा तसाच राहून गेला.

३. बँकेत जे उरेल ते दवाखान्याचं भागवून सुनेला, तिच्या एकटीच्या नावाने. तिने मला आजारपणात उचललं, बसवलं, धुतलं-पुसलं, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. मुलगा विचारील, "आई, घराशिवाय मला काय?" त्याचा वाटा पुढे सभागृहाच्या कलमात आहे, त्याने धीर धरावा.

४. वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, हातोडी, चिमटे आणि पायाचं मशीन समोरच्या शिंपीणबाईला. तिला मी साक्षीदार करणार होते. वकीलबाई म्हणाल्या, "जिला काही द्यायचंय तिची साक्ष नको." मशीन तिच्या उपयोगाचं आहे, साक्ष काय कोणीही देईल.

५. यजमानांचा उठावाचा पृथ्वीगोल त्यांच्या शाळेला द्यावा. ते भूगोल शिकवायचे. स्वतः कधी समुद्र ओलांडला नाही, पासपोर्टसुद्धा काढला नाही, पण त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी चित्रपट मंडळ काढलं आणि वर्षातून तीन सत्रं देशोदेशीचे सिनेमे दाखवले, दर शनिवारी संध्याकाळी एक. सत्र ठरवायला बसले की गोल मांडीवर घ्यायचे. ज्या देशाचा सिनेमा झाला त्यावर खडूची खूण, आणि जग बरंचसं पांढरं होईपर्यंत त्या देशात पुन्हा जायचं नाही. मोठी नावं सोडून ते कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले सिनेमे मागवायचे. म्हणायचे, "राजवाडे कुणीही दाखवील. मला त्यांची स्वयंपाकघरं बघायचीत." काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तरी सत्र तेच ठरवत राहिले. मी माहिती वाचून दाखवायची आणि ते बोटांनी डोंगर चाचपत ऐकायचे. गोलावर अजून खडू आहे. शाळेला देताना तो पुसू नये.

६. मंडळाचे ज्येष्ठ सभासद, दातांचे डॉक्टर, यांना माझ्या मशीनच्या तेलाची कुपी. शिंपीणबाईला मी नवी आणून दिली आहे. ज्यांच्या दवाखान्यात माणसं दिवसभर कण्हतात, त्यांना अंधारातली माझी कुजबुज सहन झाली नाही. दुसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची मात्र ते हलले की करकरते आणि ते सारखे हलतात. तेलाचे दोन थेंब पुरतील. त्या खुर्चीचं बाकी सगळं मी शिवलं आहे, तेवढं एक काम मुद्दाम ठेवलं होतं.

७. आता सभागृह. ही जागा माझ्या वडिलांच्या फर्निचरचं गोदाम होती आणि ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. मंडळ तिथे फुकट सिनेमे दाखवतं, निव्वळ शब्दावर. शब्द यजमानांचा होता आणि ते आता नाहीत. जागेला गिऱ्हाईक आहे. माझा मुलगा मंडळाचा सचिव आहे आणि जागा मंडळाच्या नावावर व्हावी यासाठी हल्ली रोज येऊन बसतो. आधी माझी तब्येत विचारतो, मग हवापाणी, मग छपराची गळती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जागा गेली तर मंडळ गेलं, हे मला माहीत आहे. त्याच्या बापाने उभं केलेलं एवढं एकच आहे, हेही माहीत आहे. तरीही मी इतके दिवस त्याला उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते इथे लिहिते, म्हणजे मुलीला माझ्या पश्चात भावाला समजावत बसावं लागणार नाही.

डोळे गेल्यावर यजमान माझ्याबरोबर येऊन सिनेमा ऐकत. पडद्यावर काय चाललंय आणि खालच्या ओळींत काय लिहिलंय, ते मी त्यांच्या कानात आमच्या भाषेत सांगायची. बरीच वर्षं असं चाललं. मग नवे सभासद आले. आम्हाला तिसऱ्या रांगेतून शेवटच्या रांगेत बसवलं, तिथून भिंतीच्या कडेला. दातांच्या डॉक्टरांनी सभेत विषय काढला, "इथे सिनेमा बघायचा की कॉमेंट्री ऐकायची?" आणि त्या पावसाळी सत्राचं पत्रक आलं.

पत्रक मी त्यांना नेहमी वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायची. त्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"पुढे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, छापखान्याचं नाव."

"छापखान्याच्या नावाला तू कधी अडली नाहीस," ते म्हणाले. "वाच."

मी वाचलं. 'चित्रपट चालू असताना कुजबुज करू नये. या नियमाला अपवाद नाही.' खाली सचिवाची सही, म्हणजे आमच्या मुलाची.

तो घरी आला तेव्हा मी त्याला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "आई, नियम सगळ्यांना सारखा. बाबांना सोडलं की उद्या जो तो बोलायला लागेल. लोक मंडळ सोडायला निघालेत गं." मी काही बोलायच्या आत आतून यजमानांचा आवाज आला, "बरोबर आहे त्याचं." तेव्हापासून ते सिनेमाला आले नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. एकानेही घरी येऊन विचारलं नाही.

मी मात्र जात राहिले. सिनेमा नीट ध्यानात ठेवायचा आणि घरी येऊन त्यांना सांगायचा, असं मी ठरवलं होतं. पहिल्या शनिवारी पूर्ण ऐकून घेतल्यावर म्हणाले, "छान सांगितलंस. पण तुला शेवट माहीत असतो गं. तुझ्या आवाजात आधीपासून कळतं. मला सगळ्यांबरोबर न कळता बसायचं असतं." तरी मी सांगत राहिले आणि ते ऐकत राहिले. एकदा सिनेमा सांगताना मधेच म्हणाले, "म्हातारी निघाली तेव्हा घंटा वाजली ना?" मी म्हटलं, "हो, पण तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "अंदाज."

तो अंदाज नव्हता. सभागृहाच्या मागच्या बोळात एक दार आहे, बाहेर उघडणारं. सिनेमा संपला की लोक तिकडून बाहेर पडत. मी घरातून निघाले की हे काठी टेकत त्या बोळात जायचे आणि दाराला पाठ लावून पायरीवर बसायचे. आतून जो परका आवाज येईल तो ऐकायचा, एक शब्द कळायचा नाही, आणि शेवटचं संगीत लागलं की उठून माझ्या आधी घरी. मग मी येऊन चित्र सांगायची आणि यजमान ते आधी ऐकलेल्या आवाजांवर बसवायचे. शिंपीणबाईला हे दिसत होतं, मला नंतर तिनेच सांगितलं. तिला वाटलं मला माहीत आहे.

सत्राच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा संपला आणि मागचं दार उघडेना. पावसाने फुगलं असेल, असं कोणीतरी म्हणालं. माझा मुलगा पुढे झाला. "अडकलंय, जरा जोर लावा," म्हणाला आणि त्याने स्वतः खांदा लावला. दातांचे डॉक्टरही मदतीला धावले. दार थोडं सरकलं, मग एकदम सुटलं. मी मागेच उभी होते. मी तो सिनेमा डोक्यात घट्ट धरून ठेवला होता, त्यांना सांगायला.

ते पायरीवरून कडेला कलंडले होते. हृदय आधीच थांबलं होतं, दार लोटण्याने काही झालं नाही, असं आमचे घरचे डॉक्टर म्हणाले. मी ते मुलाला तेव्हा पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला पटलेलं नाही. त्याने त्या दारावर लोखंडी पट्टी मारून घेतली आणि त्या दिवसापासून तो आणि मी या विषयावर बोललेलो नाही. रोज येतो, औषधं देतो, माझ्या डोळ्यांत बघत नाही. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो माझा जीव आहे. दोन्ही एकाच कागदावर लिहायला मला लाज वाटत नाही.

आता येतं हिवाळी सत्र मंडळाने यजमानांच्या स्मृतीला वाहिलं आहे. पत्रक मी पाहिलं. आठ देशांचे आठ सिनेमे आहेत आणि पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे. डोळे असतानाचा फोटो शोधून काढून छापला आहे. खालची ओळ अजून तिथेच आहे.

८. सभागृह, खुर्च्या आणि पडद्यासह, मी चित्रपट मंडळाला देत आहे, पुढील अटींवर. ती ओळ पत्रकातून काढावी. तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आणि त्यांना सांगणाऱ्यांसाठी राखाव्यात. प्रत्येक सिनेमा तिथे सांगितला जावा, चालू असताना, आणि कोणीही मागे वळून शुक्-शुक् करू नये. ज्याला त्रास होईल त्याने कानात कापूस घालावा किंवा घरी बसावं. स्मृतिसत्रातले आठही सिनेमे सचिवाने स्वतः सांगावेत. ऐकणारं कोणी आलं नाही, तर सचिवाने डोळ्यांवर पट्टी बांधून बसावं आणि दातांच्या डॉक्टरांनी त्याला सांगावं. मागच्या दाराची पट्टी सचिवाने आपल्या हाताने काढावी. यातली एकही अट मोडली तर मुलीने जागा विकून टाकावी आणि पैसे अंधशाळेला द्यावेत. भावाकडे बघून तिने विरघळू नये.

९. सांगावं कसं, ते मुलाला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. सामान मोजत बसू नये. मी पहिल्या दिवशी "दोन खुर्च्या, एक टेबल, कापड बरं आहे" असं सुरू केलं होतं, हे म्हणाले, "अगं, लिलाव नाही चाललेला. माणसं काय करतायत?" कोण बोलतंय ते एकदाच सांगावं, पुढे आवाजावरून कळतं. आपण आधी पाहिलेला सिनेमा असेल तर ते आवाजात येऊ देऊ नये. लोक हसले की हशा ओसरायच्या आत कारण सांगावं, म्हणजे त्याला सगळ्यांबरोबर हसता येतं. नंतर एकट्याने हसावं लागलं की माणूस ओशाळतो. पडद्यावर कोणी बोलत नसेल तर "कोणी बोलत नाही" एवढं सांगून आपणही गप्प बसावं. त्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. रडू आलं तर खुशाल रडावं, पण सांगणं थांबवू नये. तू रडशील, बाळा. मला माहीत आहे.

आणि शेवटी, नावं वर सरकू लागली की डोळस माणसं चपला शोधत उठतात. ज्याला दिसत नाही तो बसून राहतो. संगीत थांबलं तरी त्याला वाटतं, अजून काहीतरी असेल. म्हणून त्याच्या हातावर हात ठेवून सांगावं लागतं, की संपलं, दिवे लागले, चला घरी. हे सांगितल्याशिवाय सचिवाने जागेवरून उठू नये.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही म्हणून खाली सही केली.

सही: (मालकीणबाईंची)

आमच्या देखत सही झाली. मालकीणबाई पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार पहिली: सकाळी येणारी परिचारिका. सही.
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधवाला. सही.

स्थळ: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: हिवाळी सत्राच्या आधीचा शेवटचा सोमवार, आकडा वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे.