चिपमधली न उतरवलेली प्रत

गुरुवार, संध्याकाळ. चिखली.

सदाच्या वर्कशॉपचा कॉम्प्युटर आज मी चालू करून दिला आणि त्याचं मशीन मात्र कायमचं बंद पाडून आलो.

गुरुवारी इकडे सुट्टी, मशीन रिकामं, म्हणून मदरबोर्डच्या चिपमधला बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम, अपडेट करायला आजचाच दिवस धरला. गुरुवारीच लाइट जाते हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अपडेट अर्ध्यावर असताना गेली, यूपीएसनंही दगा दिला. मदरबोर्ड ठप्प. घाबरलो नाही. चिपला चिमटा लावला, माझ्या लॅपटॉपवरून नवी फाइल भरली, स्क्रीन उजळली. सदा म्हणाला, "राव, कॉलेजवाल्यांना जमलं नसतं हे!" छाती फुगली माझी.

मग त्याच्या धातूवर अक्षरं कोरायच्या मशीनचं सॉफ्टवेअर लायसन्स मागू लागलं. लायसन्स बोर्डाच्या नंबराला बांधलेलं, नंबर त्याच चिपमध्ये, आणि नवी फाइल भरताना चिप मी पुसलेली. सॉफ्टवेअर बनवणारे तर केव्हाच धंदा गुंडाळून गेलेत. त्या एका मशीनवर सदाचं घर चालतं.

पुसण्याआधी चिपमधलं सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवायचं, हे मीच माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय. दोन मिनिटं लागतात. का नाही केलं? सदा बघत होता म्हणून? बहुतेक म्हणूनच. झटपट करून दाखवायचं होतं. दोन मिनिटं फक्त.

सदा बराच वेळ मशीनवर हात ठेवून उभा होता. मग मलाच म्हणाला, "लाइटीनं घात केला रे, तू तरी काय करणार? चल, चहा घेऊ."

मी 'हो ना' म्हणालो. चहाही घेतला.