बेटावर जायचा कागद

बाबा, मी अंदमानला जायचं म्हणते आहे. तुम्हाला बेड्या घालून नेलं होतं, मला नातू कौतुकाने बोलावतो आहे. तो तिथे जंगलखात्यात लागलाय. त्याने कळवलंय, पोर्ट ब्लेअरहून दिवसभर बोटीने गेलं की एक बेट लागतं. वस्ती नाही, नुसतं रान. सरकारने ते राखून ठेवलंय. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हरणाला दगड मारायचा नाही, बघायचं आणि परत यायचं. जुन्या कैदी लाकूडतोड्यांच्या चुलींचे दगड तेवढे अजून आहेत म्हणे. ते वाचलं आणि म्हटलं, जाते. कलकत्त्यापर्यंत गाडी, पुढे चार दिवस जहाज. सून म्हणाली, "सासूबाई, जहाज लागलं तर?" म्हटलं, "लागलं तर ओकेन. तुझ्या साडीवर तर नाही ना?" तिने लोणचं बांधलंय, गोधडी उन्हात टाकलीय. काल मुलगा परवानगीचा कागद भरायला बसला. "आई, इथे विचारलंय, तुमचं कोणी पूर्वी तिकडे होतं का?" मी म्हटलं, "लिही, नाही." त्याने लिहिलं. त्याला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक, आजोबा पटकीने गेले. म्हणून आज तुम्हाला हे लिहायला बसले.

बांधाच्या भांडणात तुमच्या हातून चुलतकाका गेला तेव्हा मी पाच वर्षांची. काळ्या पाण्यावर गेलेला माणूस मेल्यात जमा, म्हणून भावकीने दर्भाचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं, आईच्या बांगड्या फोडल्या. तुम्ही तिकडे जेवत असाल आणि इकडे तुमच्या नावाचा घास कावळा नेतोय. मी टाळ्या वाजवल्या होत्या कावळा बसल्यावर. मग मामाने आम्हाला इथे घाटकोपरला आणलं.

दहा वर्षांनी मामाच्या दारात सरकारी शिपाई उभा. घरात मी एकटी. तो विचारतोय, "अमक्याची बायको इथेच राहते ना? तो लाकूडतोडीवर असतो. आता त्याला झोपडी नि जमीन मिळतेय, बायकोला बोलावतोय. खर्च सरकारचा. यायचं की नाही, तिने सांगायचं." माझं लग्न ठरलेलं, पंधरा दिवसांवर आलेलं. सासरच्यांना बाप पटकीने वारला असंच सांगितलेलं. मी म्हटलं, "ती नाही म्हणते." तो म्हणाला, "अगं, तिला विचार तरी." मी म्हटलं, "विचारलंय. तेरावं झालेल्या माणसाकडे कोण जातं?" त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि गेला. तुम्ही मात्र तिनेच नकार दिला असं समजून राहिला असाल. पुढे तुमचं काय झालं ते कुणीच कळवलं नाही.

आज मुलाला सांगून ते 'नाही' खोडायला लावणार आहे. मग तो सगळं विचारेल, सांगावं लागेल, सून तोंडावर पदर घेऊन ऐकेल. ऐकू दे. एवढं तरी करते. पण पुढचं त्यालाही सांगायची नाही, आणि हा कागद लिहून झाला की बंबात घालणार.

आई तेव्हा विहिरीवर होती, बाबा. हाकेच्या अंतरावर. मी हाक मारली नाही. ती नक्की गेली असती, तशीच, ओल्या लुगड्यानिशी. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मारली नाही.