अकराला येते म्हणाले होते

प्रिय प्रीता,

हे पाकीट दोन दिवस फ्रिजवर ठेवून मग उघडलं असशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. उघडलंस ते बरं केलंस. फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि मग तू सगळं बाजूला ठेवून माझीच समजूत काढत बसतेस. यावेळी ते नकोय मला. हल्ली आपण दिवाळीला एकमेकींना पणतीचं चित्र पाठवतो आणि खाली नाव लिहितो. एवढ्यावर आलोय आपण. असं का झालं ते तुला माहीत आहे, असं तुला वाटतं. तुला निम्मंच माहीत आहे.

परवा ओक ट्री रोडला भाजी आणायला गेले होते, तर येताना मुद्दाम आपल्या जुन्या अपार्टमेंटवरून गाडी घेतली. खालची लाँड्री रूम अजून तशीच आहे. मी अमेरिकेत नवीनच आलेले, कपड्यांच्या मशीनमध्ये भांड्यांचा साबण ओतला होता, फेस पार दाराबाहेर आला होता, आणि तू पायरीवर बसून खो खो हसत होतीस. मदतीला उठायचं नाव नाही! असा राग आला होता तुझा. आठवड्याभरात मी तुझ्याकडे खिचडी खात होते. मग पाच वर्षं तुझी इला आणि माझा अनीश कुणाच्या घरी जेवले, कुणाच्या घरी झोपले, हे विचारायची पद्धतच नव्हती. अनीशच्या दम्याचा एक पंप माझ्या पर्समध्ये असायचा आणि एक तुझ्या. सख्ख्या बहिणीवर टाकला नसता एवढा भरवसा मी तुझ्यावर टाकला होता.

अनीश आता जर्सी सिटीत राहतो. दमा कुठल्या कुठे गेला, हाफ मॅरेथॉन पळतो गाढव, आणि मला फोटो पाठवतो. हे मुद्दाम आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

पुढचं म्हणजे अलास्काची क्रूझ. ग्रीन कार्ड हातात आल्यावरची आपली पहिली सुट्टी. तुझ्या विवेकने एक्सेल शीट केली होती, तू आठ दिवसांच्या दशम्या आणि चटणी बांधून घेतली होतीस, आणि बोटीवर इतकं खायला असूनही आपण त्या केबिनमध्ये पलंगावर बसून खाल्ल्या. इला नऊ वर्षांची, अनीश पाच. बोटीवरचा किड्स क्लब दोघांना इतका आवडला होता की आपण न्यायला गेलो की तोंडं पडायची. तरी आपलं ठरलं होतं, बंदर आलं की एका जोडीने उतरायचं, दुसरीने बोटीवर थांबायचं. केचिकनला उतरायची आमची पाळी, दुसऱ्या दिवशी जुनोला तुमची. क्लबच्या फॉर्मवर म्हणून त्या दिवसापुरतं तुमच्या केबिनचं नाव लिहिलं होतं.

आणि उतरताना मी तुला म्हणाले, अगं, मी अकराला येतेच परत, मग तुम्ही दोघं जरा पाय मोकळे करून या. प्रीता, मी पुण्याची. आमच्याकडे असं म्हणायचं असतं. समोरच्याने "छे छे, काही घाई करू नका" म्हणायचं असतं, की दोघं मोकळे. तू नागपूरची. तुझ्याकडे बोललं म्हणजे बोललं. तू नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" ऐकूनही मी थांबले नाही, वळून नीट सांगितलं नाही. तू अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली असशील, वर पंधरा मिनिटंही थांबली असशील, आणि मी येतच असेन असं समजून विवेकबरोबर खाली उतरलीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. त्या वर्षी माझं आणि विनयचं काही धड नव्हतं. तुला कुणकुण असेल, पण मी कधी बोलले नाही. त्याची नोकरी जाता जाता राहिली होती आणि घरात आम्ही फक्त बिलं आणि अनीशची औषधं यांबद्दल बोलायचो. मी माहेरी जायचं मनाशी ठरवत आले होते. केचिकनला पाऊस भुरभुरत होता. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली ती लाकडी घरं, खाली सॅमन मासे प्रवाहाच्या उलट पोहत होते, आणि विनय कठड्याला रेलून एकदम म्हणाला, की गेल्या वर्षात मी फार वाईट वागलो तुझ्याशी. एवढंच. मग आम्ही एकाच छत्रीखाली चालत राहिलो. किती वर्षांनी आम्ही दोघंच होतो गं! मला बाळ झाल्यापासूनची ती पहिली सकाळ होती की माझ्या डाव्या कानाने मी कुणाचा खोकला ऐकत नव्हते.

साडेअकराला मी तुला पाहिलं.

एका दुकानात तू केसाळ टोपी डोक्यावर घालून आरशात बघत होतीस आणि विवेक हसत होता. तुझा लाल विंडचीटर मी मैलावरून ओळखला असता. मला लख्ख कळलं की बोटीवर मुलांजवळ आपल्यापैकी कुणी नाही. दोन्ही पर्सा, दोन्ही पंप गावात. बोट दहा मिनिटांवर होती. आणि मी विनयचा हात धरून त्याला दुसऱ्या गल्लीत वळवलं. म्हटलं, सांभाळायला आहेत की क्लबमधल्या बायका, काय होतंय दोन तासांत. त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

दीडला परत आलो तेव्हा दम्याचा झटका येऊन अनीश बोटीवरच्या डॉक्टरांकडे होता, तोंडावर मास्क, आणि इला त्याचा हात धरून बसली होती. तासभर क्लबवाले तुमच्या केबिनमध्ये फोन लावत होते. डॉक्टरांनी वेळेत सावरलं त्याला. मागोमाग तू धावत आलीस, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तू थांबणार होतीस ना?" "तू अकराला येणार होतीस," असं तू मला एकदाही म्हणाली नाहीस. नुसती माझी माफी मागितलीस. मी ती घेतली. त्यानंतर तुमचं तिकडे दूर अल्फारेटाला राहायला जायचं ठरलं, मी पॅकिंगला आलेसुद्धा, पण खोके भरताना आपण हवापाण्यावरच बोललो.

एकवीस वर्षं मी म्हणत आले की जाऊ दे, मूल वाचलं, संसार सावरला, आता कशाला उकरायचं. मग गेल्या बुधवारी इलाचा फोन आला, अनीशकडून नंबर घेऊन. पुढच्या सोमवारपासून तिला ऑफिस आहे, तिच्या नवऱ्याला, सत्यजितलाही रजा नाही, आणि तू दहा मिनिटांवर राहून त्यांच्या चार महिन्यांच्या शिवला एकटीने सांभाळायला तयार नाहीस. विवेक घरात असेल तरच घेतेस म्हणे. तिने फार खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या भरवशावर मूल ठेवू नकोस, माझ्या हातून एकदा झालंय." इला मला म्हणाली, "मावशी, आई बाळाला घाबरते." मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले. प्रीता, तुझ्या हातून काही झालं नव्हतं. तू माझ्या शब्दावर विसंबून उतरलीस. मी माहीत असून परतले नाही, आणि वर तुला बोलले. इलाला मी फोनवरच सगळं सांगितलं आहे, विनयलाही. आता माझ्यावर चिडायचं तर खुशाल चीड, एकवीस वर्षांचं एकदम चीड. पण आधी जा आणि त्या बाळाला घे.

तू ठेवशील तर तुझीच,
सुलेखा