गाळलेलं शेवटचं पान

देवास,
८ डिसेंबर

प्रिय शार्दूल,

आजोबांच्या सिंफनीची तू नव्याने छापलेली प्रत मिळाली. कागद उत्तम, मुखपृष्ठ देखणं. मोरोपंतांच्या नावाखाली तुझं नाव, 'पूर्णकर्ता' म्हणून, तेवढ्याच ठळक टायपात. तात्यांना आता वाचता येत नाही, म्हणून प्रस्तावना मी वाचून दाखवली. 'ही रोमँटिक वळणाची सिंफनी रचनाकाराच्या अकाली मृत्यूमुळे अपुरी राहिली' या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाबा सिंफनी सोडल्यावर बावीस वर्षं जगले. शार्दूलला हे ठाऊक नाही का?"

ठाऊक कसं नाही? लहानपणी आपण दोघांनी शंभरदा ऐकलंय. संस्थान विलीन झालं, धारचा बँड मोडला, आणि बँडमास्तर मोरोपंतांनी तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर लेखणी खाली ठेवली. वाजवणारेच पांगले, आता लिहू कुणासाठी, म्हणाले. झालं होतं तेवढंच छापून घेतलं. शेवटच्या पानावर सुरावटीऐवजी बत्तीस वादकांची नावं घातली आणि प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत देऊन निरोप दिला. मग इकडे देवासला येऊन टोंकखुर्द, पीपलरावां असल्या आसपासच्या गावांतल्या वरातींत क्लॅरिनेट वाजवून घर चालवलं. वरातीत वाजवणारे आजोबा तुझ्या पुण्यातल्या मंडळींना सांगायला जड गेले असतील. अकाली गेलेले सोपे.

परवा धारहून राजाबाई आली होती. बँडात ढोल वाजवणाऱ्या मानसिंगरावांची मुलगी, पंचाहत्तरीची. त्यांच्या घरची प्रत वाळवीने खाल्ली. पुस्तक पुन्हा निघालंय हे कुणाकडून तरी कळलं, म्हणून बाई एकटी बसने आली. चष्मा लावून तिने पानं पुढून मागे, मागून पुढे उलटली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझ्या बापूचं नाव तो इसमें था ना?" मी चहा ठेवायला उठले. त्या पानाच्या जागी तुझी अकरा पानं आहेत. मी ती पेटीवर वाजवून पाहिली. वाईट नाहीत, हेच जास्त लागलं.

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळाची? प्रुफं तू माझ्याकडेच पाठवली होतीस. नावांचं पान गाळलेलं मला तेव्हाच दिसलं होतं. पण त्या दिवसांत, कित्येक वर्षांनी, तू आठवड्यातून दोनदा फोन करत होतास. विचारलं तर ते बंद होतील म्हणून गप्प बसले. पुस्तक छापून झालं आणि ते तसेही बंद झाले.

तात्या चिडले नाहीत, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक निरोप तेवढा सांगितला, तो लिहायला मी बसले आहे. स्कॅन करायला म्हणून नेलेली मूळ प्रत परत कर. आपल्याकडे ती एकच उरली होती, पण आता ती राजाबाईला द्यायची असं त्यांनी ठरवलंय, आणि माझीही ना नाही. पार्सल इथे पाठवू नकोस, थेट धारला पाठव. तिचा पत्ता मागच्या बाजूला आहे. प्रकाशनाला आम्ही दोघंही येणार नाही. प्रत पोचली की राजाबाई मला फोन करील. तू नाही केलास तरी चालेल.

तुझीच, अजून तरी,
विनोदिनीताई