गुलाबी नळ्या

ता. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या साहेबांनी बनवलेल्या गोळीने कमाल केली! पेशींना गंजू न देणारं एक प्रथिन रक्तात असतं. चाळीस जणांनी सहा आठवडे गोळी घेतल्यावर ते तिप्पट झालं. ते मोजायची शहाण्णव खळग्यांची ताटली मी स्वतः लावली; जितकं प्रथिन जास्त तितका पिवळा रंग गडद, आणि तो असा चढला की बघत राहावं. वीस तारखेला निकाल मांडला की माझी नोकरी कायम. तू तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यास, तुला यातलं काय कळणार म्हणा! पण कौतुक तरी कर.

तुझा हुशार,
धाकटा

ता. ६ जून

चि. शास्त्रीबुवांस,
अ. उ. आ.

कौतुक केलं. आता सुया टोचणारीचा एक अडाणी प्रश्न. गोळीआधीचं रक्त तुमच्या नर्सने काढलं असेल, नंतरचं कोणी? आणि रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, रंग कसा होता? शिकलेली माणसं नळीकडे बघत नाहीत, आकड्याकडे बघतात, म्हणून विचारते.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न.

नर्स रजेवर होती, म्हणून नंतरचं चाळीसही जणांचं रक्त मीच काढलं. सीरम जरा गुलाबी होतं, पण यंत्र पिवळा रंग मोजतं, गुलाबी नाही. तुझा प्रश्न साहेबांना सांगितला. आता प्रयोगशाळा बहिणींच्या सल्ल्याने चालवायची का, असं म्हणत ते पोट धरून हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

राग नसावा,
धाकटा

ता. १२ जून

चि. शास्त्रीबुवांस,

आशीर्वाद हसून झाल्यावर घे. सीरम गवतासारखं पिवळसर हवं. गुलाबी म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. सुई न काढताच सिरिंजमधलं रक्त नळीत जोरात मारलंस ना? तुझं ते प्रथिन तांबड्या पेशींत ठासून भरलेलं असतं. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून खात्री केली. ते गोळीने नाही, तुझ्या धसमुसळ्या हाताने वाढलं. उंटावरचे शहाणे तुम्ही दोघे! लोक अजून गोळी घेतायत तोवर नर्सकडून पुन्हा रक्त काढून घे. लाज वाटत असेल तर माझं नाव सांगू नकोस.

ताई

ता. २१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नर्सने पुन्हा रक्त काढलं. सीरम पिवळसर, आणि प्रथिन सुरुवातीला होतं तेवढंच. साहेबांनी ते आकडे बघितलेच नाहीत. पहिलेच मांडा नाहीतर चालू लागा, म्हणाले. मी चालू लागलो. नोकरीचं वाईट वाटतं, पण तुझ्यावर हसलो त्याची जास्त लाज वाटते.

तुझा,
धाकटा

ता. २४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नोकरी गेली, अक्कल आली. तुझ्या साहेबांना ती यायची नाही, नोकरी मात्र राहील. पत्र तीनदा वाचलं, आणि रडलेही, पण हे कुणाला सांगू नकोस.

आमच्या रक्त घ्यायच्या खोलीत एक जागा आहे. पगार बेताचा, आणि वर साहेब मी. मी ओरडते. पटत असेल तर सोमवारी ये. रक्त नळीत सोडण्याआधी सुई काढायची, एवढं घोकून ये. पहिला हात टोचायला माझाच घे.

तुझी सुया टोचणारी,
ताई