हवा मोजणारा खोटारडा

९ सप्टेंबर
आज परत तेच! गावाच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येही रडायला लागली. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता — काच खाली करून चांगलं सुनावलं त्याला. गॅरेजवाला कोस्यो म्हणतो, "इंजिनाचा टर्बो गेलाय काकू. भंगारात घाला." बोनेट धड उघडलंसुद्धा नाही मेल्याने!

१० सप्टेंबर
ओग्न्यानचा फोन. "आई, आता पुरे. गाडीशिवाय त्या डोंगरात एकटी कशी राहशील? रविवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव." म्हणजे प्लोवदिव शहरात, त्याच्या फ्लॅटमध्ये. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी! मी सांगितलं — गाडी चढ चढली तर मी इथेच राहणार. हसला. हस लेका!

११ सप्टेंबर
हिवाळ्यासाठी भाजून ठेवायच्या मिरच्यांची पोती आली. सामान बांधलेलं नाही.

१२ सप्टेंबर
धूर नाही, शिट्टी नाही, मग टर्बो गेला कसला? शेजारच्या स्पासदादांना विचारलं. जन्मभर बस चालवली त्यांनी. म्हणाले, "वहिनी, हवा मोजणारा सेन्सर झिजला असेल. आत किती हवा जाते ते तो कमी सांगतो, म्हणून डिझेलही कमी मिळतं. त्याची वायर काढा आणि चालवून बघा."

"वायर काढून?"

"हो. मग गाडी त्याचं ऐकतच नाही. आपल्या अंदाजाने चालते."

मीच काढली. नख तुटलं. आणि चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये — गेली की! समोर पिवळा दिवा पेटला. पेटू दे! गाडीत एकटीच ओरडत होते मी, वेड्यासारखी.

१३ सप्टेंबर
नवा सेन्सर बसवला. दोन स्क्रू, बस्स! दिवाही विझला. दादांना चीज भरलेली गरम बानित्सा खायला घातली. मग मुद्दाम कोस्योच्या गॅरेजसमोर जाऊन हॉर्न दाबून धरला. बाहेर आला, मला बघितलं आणि आत पळाला. लाजला असेल.

१४ सप्टेंबर, रविवार
ओग्न्यानला शेजारी बसवून चढाला लागले. अर्ध्यावर पोचलो तसा तो पुटपुटला, "आई, रागावू नकोस. टर्बो गेलाय असं तुला सांगायला कोस्योला मीच फोन करून सांगितलं होतं. काळजी वाटते गं तुझी."

भर चढावर ब्रेक मारला. उतर म्हटलं. उतरला. आणि तिथूनच, जागच्या जागेवरून, गाडी उचलली!

येईल चालत. मी मिरच्या भाजायला घेतल्यात.